रंगाच्या आधी सांधे

जुनी स्पोर्ट्‌स कार घेणारा माणूस पहिला मोठा खर्च बहुधा रंगावर करतो. ते समजण्यासारखे आहे. वर्षानुवर्षे कुठल्यातरी गोदामात धूळ खात पडलेली गाडी लाल किंवा गडद हिरव्या रंगात झळकली, की घरच्यांनाही वाटते, पैसे सत्कारणी लागले. पण पुढच्या चाकांचे सांधे झिजलेले तसेच राहिले, तर ती गाडी जरा वेगात गेली की स्टिअरिंग थरथरू लागते. ब्रेक दाबला की ती एका बाजूला ओढते. मालक तिला बाहेर काढायचे टाळू लागतो आणि शेवटी ती वर्षातून एकदा ट्रेलरवर चढून प्रदर्शनाच्या मैदानावर जाते. हे पुस्तक उलट क्रमाने लिहिले आहे. आधी पुढची चाके आणि त्यांना धरणारे सांधे, मग स्प्रिंग आणि जंपर (शॉक अॅब्सॉर्बर), मग स्टिअरिंग आणि ब्रेक, त्यानंतर चॅसीचे पुढचे दांडे, मडगार्ड, बॉनेट, जाळी आणि दिवे. रंग सर्वांत शेवटी.

पुढचाच भाग का, हा प्रश्न रास्त आहे. गाडीच्या या भागावर जेवढी कामे पडतात तेवढी दुसऱ्या कुठल्याच भागावर पडत नाहीत. इंजिनाचे वजन तोच पेलतो, वळण तोच घेतो. ब्रेक लावला की वजन पुढे येते, म्हणून थांबवण्याचे बहुतेक कामही पुढच्याच चाकांना करावे लागते. खड्ड्याचा, दगडाचा, गाईगुरांच्या धडकेचा पहिला मार तिथेच बसतो. गाडीचा चेहराही तोच. फिटर, लेथवाला, डेंटर, क्रोम चढवणारा, वायरिंगवाला अशा पाच-सहा कारागिरांचे काम या दीड मीटरच्या लांबीत एकत्र येते. ज्याने गाडीचा पुढचा भाग मनापासून उभा केला, त्याला उरलेल्या गाडीत फारसे नवे काही शिकायचे राहत नाही. आणि घरी काम करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे, हा भाग सुटा करून एका खोलीत मावतो.

खोलीचा उल्लेख मुद्दाम केला. या पुस्तकातले काम लहरीपुऱ्यात झाले आहे. लहरीपुरा दरवाजा म्हणजे बडोद्याच्या जुन्या कोटाचा पश्चिमेचा दरवाजा. बाहेर न्यायमंदिर, पलीकडे सुरसागर, आत शिरले की मांडवीकडे जाणारा रस्ता आणि दुतर्फा बाजार. दिवसा इथे माणसाला चालायला जागा मिळत नाही, तिथे गाडी आणायची तर पहाटेच आणावी लागते. पोळात, म्हणजे इथल्या अरुंद गल्लीत, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावे लागते. अशा वस्तीतल्या घरांना गॅरेज नसते. तळमजल्यावरची एक खोली असते, फार तर फरसबंदीचा छोटा चौक असतो. इंग्रजीतली या विषयावरची पुस्तके दोन गाड्यांचे गॅरेज, हायड्रॉलिक लिफ्ट आणि शेकडो सुट्या भागांचा कॅटलॉग गृहीत धरून लिहिलेली असतात. आम्ही गृहीत धरले आहेत ते एक चांगला जॅक, चार लोखंडी घोड्या, भिंतीशी पक्का बसवलेला व्हाइस, पान्यांचा संच आणि जवळच्या माणसाचा वेळ. जे यांत बसत नाही ते मकरपुरा जीआयडीसीतल्या लेथवर जाते. तिकडे काय पाठवायचे, कोणत्या मापासह पाठवायचे आणि काय कधीच पाठवायचे नाही, हे सांगण्यात या पुस्तकाची बरीच पाने गेली आहेत.

बडोद्याचा आणि मोटारीचा संबंध राजवाड्यातल्या गाड्यांपुरता मर्यादित नाही. तिसऱ्या सयाजीरावांनी १८९० साली कलाभवन सुरू केले आणि त्याची सूत्रे त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिली. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र कळावे आणि ते त्याच्या भाषेत कळावे, ही त्यामागची धारणा होती. आजची महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रशास्त्र शाखा ही त्याच कलाभवनाची वंशज. हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ची. तिचा पहिला जुळणी कारखाना ओखा बंदरात होता आणि ओखामंडळ तेव्हा बडोदा संस्थानात होते. स्वातंत्र्यानंतर कारखाना बंगालमध्ये उत्तरपाड्याला गेला आणि तिथे पुढे अॅम्बॅसॅडर घडली. त्याच कंपनीने नंतर बडोद्याजवळ हालोलला कारखाना काढला. तो जनरल मोटर्सकडे गेला आणि २०१७ साली एमजी या मूळच्या इंग्लिश गाडीच्या नव्या मालकांकडे आला. ज्या अष्टकोनी बिल्ल्याच्या जुन्या गाड्या या पुस्तकाच्या केंद्रस्थानी आहेत, त्याच बिल्ल्याच्या नव्या गाड्या आज इथून तासाभराच्या अंतरावर तयार होतात. इंग्लंडमधल्या अॅबिंग्डनचा मूळ एमजी कारखाना १९८० सालीच बंद झाला.

आता या क्षेत्राचा नकाशा. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या पुढच्या भागाची जडणघडण ढोबळपणे तीन-चार टप्प्यांत झाली. आपल्या हाती आलेली गाडी कुठल्या टप्प्यातली आहे हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

पहिला टप्पा आडव्या दांड्याचा. १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार एमजी टीसी बनल्या. युद्धानंतरच्या जगाला छोट्या इंग्लिश स्पोर्ट्‌स कारची गोडी लावली ती या गाडीने. १,२५० सीसीचे इंजिन, तारांची १९ इंची चाके, अरुंद टायर, लाकडी सांगाड्यावर मढवलेला पत्रा. पुढे एक सलग पोलादी अॅक्सल, त्याच्या दोन्ही टोकांना किंगपिन, आणि तो दांडा दोन पाट्यांवर बांधलेला. एक चाक खड्ड्यात गेले की दुसरेही तिरके होते. पाट्याचे पुढचे टोक चॅसीला पक्के असते. मागचे टोक शॅकलवर झुलत नाही, ब्राँझच्या खोबणीत पुढेमागे सरकते. ती खोबणी कोरडी पडली की पाटा अडकतो आणि पुढचा भाग लाकडासारखा कडक होतो. ही गाडी रस्त्यावर भटकते, सरळ जात नाही, अशी तक्रार करणारे लोक सगळा दोष स्टिअरिंगच्या पेटीवर ढकलतात. पेटीतली खुंटी झिजते हे खरे, पण अनेकदा मूळ कारण खाली असते. किंगपिनच्या बुशमध्ये प्ले असतो, पाट्याच्या यू-बोल्टची पकड गेलेली असते, किंवा अॅक्सल आणि पाटा यांच्यामधली पाचर कोणीतरी उलटी बसवलेली असते. पेटी उघडण्याआधी हे सगळे तपासायचे.

याच गाडीने एक धडा कायमचा दिला आहे. तिच्या इंजिनाचे आटे मेट्रिक आहेत, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची. कारण एमजी ज्या मॉरिसच्या घरातली, त्या मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिसचा इंजिन कारखाना विकत घेतला, आणि त्या फ्रेंच कंपनीची यंत्रे मेट्रिक आटे कापणारी होती. चॅसीवर मात्र ब्रिटिश फाइन आटे. म्हणजे एकाच गाडीत दोन जातींचे आटे, आणि सारख्याच दिसणाऱ्या डोक्याचे बोल्ट. आपल्याकडे अशा गाड्यांवर तीन पिढ्यांच्या मिस्त्रींचे हात फिरले आहेत. जो बोल्ट हाताने दोन-तीन फेरे सहज जात नाही तो पान्याने कधीच आवळायचा नाही. हा नियम पुस्तकात पुन्हा पुन्हा येईल, आणि वाचकाला तो कंटाळवाणा वाटला तरी चालेल.

दुसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा, आणि या पुस्तकाचा बहुतेक भाग त्याचाच आहे. अलेक इसिगोनिस आणि जॅक डॅनियल्स यांनी आखलेली स्वतंत्र पुढची चाके १९४७ साली एमजीच्या वायए या छोट्या सलून गाडीत आली. १९५० साली तीच रचना टीडी या स्पोर्ट्‌स कारला मिळाली, १९५५ला एमजीएला आणि १९६२ला एमजीबीला. एमजीबी १९८० पर्यंत चालली. तपशील बदलत गेले, पण मूळ कल्पना तेहेतीस वर्षे टिकली. खाली दोन हातांचा त्रिकोणी सांधा, मध्ये गुंडाळीची स्प्रिंग, उभा किंगपिन. आणि वरचा हात? तो वेगळा नाहीच. जंपरचाच हात वरच्या सांध्याचे काम करतो. रचना स्वस्त आणि मजबूत आहे, पण तिचा एक परिणाम नीट ध्यानात ठेवावा लागतो. इतर गाडीत जंपर गेला तर धक्के वाढतात, एवढेच. इथे जंपरच्या आसाचे बुश झिजले की चाकाचा कलच बदलतो, टायर आतून खाल्ला जातो, आणि अलाइनमेंटवाला कितीही वेळा टाय रॉड फिरवत बसला तरी उपयोग होत नाही. या जंपरमध्ये पातळ तेल असते. ते गळू लागल्यावर नुसते वरून भरत राहणे म्हणजे दुखणे लांबवणे. जंपर उघडून त्याचे बुश आणि सील नव्याने बसवणे हे लेथवाल्याच्या कौशल्याचे काम आहे आणि ते आपल्या शहरात होऊ शकते. त्यासाठीची सर्व मापे पुस्तकात आहेत.

एमजीबीच्या पुढच्या हबची गोष्ट इथेच सांगतो, कारण तीत घरच्या कामाचे सारे मर्म आहे. दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते आणि तिच्या टोकाला पातळ शिमा. शिमा कमी-जास्त करून हबला ०.०५ ते ०.१० मिलिमीटर एवढाच आडवा खेळ ठेवायचा असतो. हे करायला अर्धा दिवस जातो, म्हणून घाईतले गॅरेज ती नळी काढून टाकते आणि नट अंदाजाने आवळते. गाडी चालते. पण नळीमुळे स्टब अॅक्सलला जो कडकपणा येतो तो गेलेला असतो, आणि जोरात घेतलेल्या वळणावर तो दांडा वाकतो. घरी काम करणाऱ्याकडे गॅरेजवाल्याकडे नसलेली एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. तो अर्धा दिवस त्याने इथे द्यावा.

तिसरी परंपरा ट्रायम्फची, आणि ती आपल्या वाचकाला जास्त ओळखीची निघेल. १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेली ट्रायम्फ हेराल्ड १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड या नावाने बनू लागली. मिकेलोत्ती या आरेखकाने आखलेल्या या गाडीचे बॉनेट आणि मडगार्ड मिळून सबंध तोंड पुढे उलटते आणि पुढची दोन्ही चाके, स्प्रिंगा, स्टिअरिंग उघड्यावर येतात. शिकायला यापेक्षा सोयीची गाडी नाही. १९६२ची स्पिटफायर ही स्पोर्ट्‌स कार हिच्याच अंगाची. हेराल्डचा पुढचा उभा दुवा लोटसच्या एलानमध्येही वापरला गेला. म्हणजे एका काळी दादर-पुण्याच्या डॉक्टर-वकिलांच्या दारात उभ्या असणाऱ्या साध्या गाडीत आणि जगातल्या नावाजलेल्या स्पोर्ट्‌स कारमध्ये एकच सांधा होता. त्या दुव्याचे खालचे टोक आटेदार असते आणि ते ब्राँझच्या ठोकळ्यात फिरते. त्याला गिअर ऑइल लागते, ग्रीस नव्हे. पण निप्पल दिसले की ग्रीसगन लावायची, ही आपल्याकडची जुनी सवय. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोहोचत नाही, तिथे पाणी साचते, गंज धरतो, आणि एके दिवशी वळणावर दुवा आट्यांपाशी तुटून चाक आत मुडपते. हेराल्ड किंवा स्पिटफायर हाती आली असेल, तर हे पुस्तक खाली ठेवून आधी ते दोन ठोकळे उघडून पाहावेत.

जग्वारने १९४८च्या एक्सके १२०पासून टॉर्शन बार वापरले. १९६१च्या ई-टाइपमध्ये तर मोनोकॉकच्या पुढे नळ्यांची वेगळी चौकट बोल्टने जोडली. त्या नळ्या आतून गंजतात, बाहेरून दिसत नाही. ई-टाइपचे काम घरी करू नये असे आम्ही म्हणत नाही, पण या पुस्तकाच्या भरवशावर करू नये. नंतरच्या स्ट्रटच्या गाड्यांचा इथे विचार केलेला नाही.

या सगळ्याशी आपल्या साध्या देशी गाड्यांचे नाते जवळचे आहे, आणि तीच आपली मोठी ठेव. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी निघाली. तिचे किंगपिन बदलून मुंबईतले हजारो हात तयार झाले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून हद्दपार झाल्या आणि त्या हातांना रोजचे काम राहिले नाही. किंगपिनच्या नव्या बुशला रिमर किती हलक्या हाताने फिरवायचा, वरचे आणि खालचे बुश एका रेषेत कसे आणायचे, हे ज्याने आयुष्यभर पद्मिनीवर केले तो एमजीवरही तितकेच चांगले करतो. अॅम्बॅसॅडरचेही तसेच; तिचे पुढचे टॉर्शन बार आणि हातवाले जंपर ज्यांनी हाताळले त्यांना ब्रिटिश गाडी परकी वाटत नाही. ती गाडी २०१४ साली बंद झाली. ही माणसे आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्याकडून शिकायचे असेल तर ते आत्ताच.

पत्र्याच्या कामातही हेच. कारखान्यात घडलेल्या मडगार्डची गोलाई जोडाशी शिशाने भरलेली असे. आधी पत्र्याला कथिल लावायचे, मग शिसे-कथिलाची कांडी मंद आचेवर मऊ करून लाकडी फळीने पसरायची. नंतर लांबी आली आणि हे काम मागे पडले. ज्याने नवसागर लावून पितळी पातेल्याला कल्हई केली आहे त्याला यातली पहिली पायरी शिकवावी लागत नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मठारकाम चालते, तेच ठोके पत्रा सपाट आणि ताठ करायला लागतात. पुस्तकात लांबी निषिद्ध नाही. पण गंजलेल्या भोकावर जाळी ठेवून वरून लांबी थापण्याला आमचा स्पष्ट विरोध आहे. हेडलाइटच्या वाटीभोवतीचा चिखल साचणारा भाग कापून नवा पत्रा घातलाच पाहिजे.

जाळी आणि बंपर यांचे क्रोम हा मात्र वेगळा आणि काहीसा दुःखद विषय आहे. चांगले क्रोम म्हणजे आधी तांबे, मग निकल, आणि शेवटी क्रोमियमचा अत्यंत पातळ थर. झळाळी येते ती खालच्या घासकामातून आणि निकलमधून. सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोग करते, म्हणून त्याच्या सांडपाण्यावर कडक नियम आहेत आणि ते असायलाच हवेत. जस्ताच्या ओतकामाचे बिल्ले आणि दिव्यांच्या कडा तर फोड येऊन आतून पोखरलेल्या असतात. त्या नव्याने चढवायला फार थोडे कारागीर तयार होतात. घरी क्रोम करण्याचे रसायन बाजारात मिळते. ते घेऊ नये. मूळ क्रोम मळकट पण शाबूत असेल तर ते साफ करून तसेच ठेवावे, हा आमचा सल्ला आहे.

इथून आपण या क्षेत्रातल्या मतभेदांकडे येतो. जुन्या गाड्या जपण्याची चळवळ शंभर वर्षांच्या आसपासची आहे. लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची स्मरणफेरी १९२७ साली सुरू झाली, ब्रिटनचा व्हेटरन कार क्लब १९३० साली. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या हिरवळीवर १९५० पासून सुंदर गाड्यांची स्पर्धा भरते. तिथून एक संप्रदाय वाढला: गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवसापेक्षाही चकचकीत करायची. प्रत्येक बोल्ट नवा, चॅसीच्या खालच्या बाजूलाही आरशासारखा रंग. आपल्याकडे स्टेट्‌समन वृत्तपत्राने १९६४ साली दिल्लीत जुन्या गाड्यांची फेरी सुरू केली. पुढे मुंबई, पुणे, कोल्हापूर अशा शहरांतल्या शौकिनांनी आपापल्या गाड्या उभ्या केल्या. २०२३च्या जानेवारीत ट्वेंटी वन गन सल्यूट ही स्पर्धा दिल्ली सोडून बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यात भरली, तेव्हा या शहराने तो चकचकाट जवळून पाहिला.

दुसरा संप्रदाय म्हणतो, गाडी मूळ रूपात एकदाच असते. झिजलेले चामडे, उडालेला रंग, जुना डाग, हा सगळा तिचा पुरावा. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली ट्यूरिनची सनद स्वीकारली. तिची मूळ प्रेरणा इमारतींच्या जतनासाठीच्या १९६४च्या व्हेनिस सनदेची. वाहनाचा इतिहास जपावा, बदल कमीत कमी करावेत, केलेल्या कामाची नोंद ठेवावी, असा तिचा रोख आहे. तिसऱ्या संप्रदायाला जुन्या कवचात नवे इंजिन, नवे ब्रेक, पॉवर स्टिअरिंग हवे असते. आणि आपल्या देशात एक चौथाही आहे, ज्याचे नाव कुठल्याच सनदेत नाही. परदेशी गाड्यांचे भाग मिळेनासे झाले तेव्हा मिस्त्रींनी अॅम्बॅसॅडरचे बेअरिंग, जीपचा पाटा, फियाटचा टाय रॉड एंड बसवून गाडी चालती ठेवली. १९५३-५४ मध्ये जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथली जुळणी बंद केली, आयातीवर निर्बंध आले. त्या काळात या लोकांनी ही यंत्रे वाचवली.

आमची बाजू लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पहिल्या संप्रदायाच्या कौशल्याला आम्ही मानतो, पण त्याच्या मागे लागून चांगला चालता भाग फेकून देणे आम्हाला मान्य नाही. तिसऱ्याशी आमचे पटत नाही. चौथ्याविषयी मात्र काहीसे सविस्तर सांगायचे आहे. जुनी गाडी उघडल्यावर आत असा देशी भाग सापडला की आजचा मालक त्याला लगेच लबाडी म्हणतो. कधी कधी ती असतेच. स्टिअरिंगच्या दुव्यावर वेल्डिंग केलेले दिसले तर तो भाग त्याच क्षणी बाद. पण अनेकदा त्या बदलात विचार असतो. लेथवर नेमके कापलेले बुश, पाट्याला घातलेले नवे पान, गावठी पण योग्य जाडीची शिम. तो भाग काढण्याआधी त्याचा फोटो घ्यावा, माप घ्यावे, आणि सुरक्षित असेल तर तो तसाच राहू द्यावा. बडोदा किंवा सांगलीत चाळीस वर्षे चाललेल्या एमजीचा इतिहास अॅबिंग्डनला संपत नाही.

हे पुस्तक आत्ताच का, याचे एक कारण कायद्यातही आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले. त्यांना व्हीए मालिकेची नंबर प्लेट मिळते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये शुल्क आहे आणि ती दहा वर्षे चालते. ही वाहने धंद्यासाठी वापरता येत नाहीत. महत्त्वाची अट अशी, की वाहन मूळ रूपात हवे. चॅसी, बॉडीचे कवच किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. पुढचा भाग कापून तिथे दुसऱ्याच गाडीची चौकट जोडणाऱ्याने हे वाक्य आधी वाचावे. चुकीचे वेल्डिंग गाडीबरोबर तिची कागदोपत्री ओळखही घालवू शकते.

दुसरे कारण सुट्या भागांचे. ब्रिटनमध्ये १९८८ पासून एमजीबीचे संपूर्ण नवे कवच मूळ साच्यांवर पुन्हा बनते. किंगपिन, बुश, सील घरबसल्या मागवता येतात. त्यामुळे सगळेच नवे घालायचा मोह होतो. पण आयात शुल्क आणि वाहतूक धरता तो मोह महाग पडतो, आणि नव्याने बनलेले सगळेच भाग चांगल्या प्रतीचे असतात असे नाही. काही रबरी बुश दोन उन्हाळ्यांत भेगाळतात. कोणता भाग बाहेरून घ्यायचा आणि कोणता इथे बनवून घ्यायचा, हे ठरवायला माप लागते, आणि माप घेणे ही या पुस्तकाची खरी शिकवण आहे.

त्याची पद्धत जुनीच आहे. गाडी घोड्यांवर सपाट उभी करायची, चॅसीच्या ठराविक छिद्रांतून ओळंबा सोडायचा, खाली फरशीवर खडूने खुणा करायच्या, गाडी ढकलून बाजूला करायची आणि दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले नाहीत तर चॅसी कधीतरी वाकली आहे, आणि मग पुढच्या सगळ्या मापांना अर्थ उरत नाही. अॅक्सलला किंवा स्टब अॅक्सलला चीर आहे का हे पाहायला तो रॉकेलमध्ये भिजवायचा, कोरडा पुसायचा आणि वर खडूची पूड लावायची. चीर असेल तर तिच्यातले रॉकेल पांढऱ्या पुडीवर बारीक काळी रेघ उमटवते. रेल्वेच्या कारखान्यांतले फिटर असेच करत. महत्त्वाच्या भागांसाठी आज डाय पेनिट्रंटची बाटली मिळते, तीही वापरावी. चाकांचे टो-इन दोरी आणि पट्टीने घरीच बसवता येते, आणि ते यंत्रावर तपासून घेतले की घरच्या मापाचा भरवसा वाटू लागतो.

पुस्तकाची भाषा कामाच्या जागी बोलली जाते तीच ठेवली आहे. बडोद्यातले मिस्त्री गुजराती बोलतात, आम्ही मराठी बोलतो, आणि जॅकखाली दोघांचे शब्द एकच होतात. इथेच, याच शहरात, दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले. शरीराने करायच्या गोष्टी आकृत्या काढून, पायरी पायरीने, साध्या मराठीत सांगता येतात हे त्यांनी दाखवून ठेवले आहे. आमच्यासमोर तोच नमुना होता. आकृत्या जास्त, विशेषणे कमी.

काही गोष्टींत सवलत नाही. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरायचे नाही, घोड्या लावूनच शिरायचे. गुंडाळीची स्प्रिंग दाबलेली असताना खालचा हात सोडायचा असेल तर आटेदार लांब दांडे लावून हळूहळू मोकळा करायचा. ती उडाली तर हाड मोडते. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ड्रममधली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून बंद पिशवीत टाकायची. ब्रेकचे रबर, नळ्या आणि सिलिंडर यांत काटकसर करायची नाही. स्टिअरिंगचा किंवा अॅक्सलचा कुठलाही भाग घरी गरम करून सरळ करायचा नाही. आणि पुढचा भाग पुन्हा जोडून झाल्यावर, गाडी पोळाबाहेर काढण्याआधी, प्रत्येक नट, प्रत्येक पिन दुसऱ्या एखाद्या जाणत्या माणसाकडून तपासून घ्यायची. ज्याने जोडले त्याने तपासलेले पुरत नाही.

मापे मूळ पुस्तिकांप्रमाणे इंचांत आहेत आणि शेजारी मिलिमीटरमध्ये दिली आहेत. प्रत्येक कोष्टकात तिसरा रकाना कोरा ठेवला आहे. तो तुमच्या गाडीसाठी. त्यात पेन्सिलीने आपले माप लिहा, तारीख टाका, आणि बुश ज्याने बसवले त्या मिस्त्रीचे नावही लिहा.